मेल्यावरही न सुटणारी उतरंड : तोराजांचे अंत्यविधी आणि त्यातले गुलाम

ऑगस्ट महिना आला की समाजमाध्यमांवर एक चित्रफीत हमखास फिरू लागते. डोंगरातल्या एका गावात लोक शवपेट्या उघडतात, वाळलेले मृतदेह बाहेर काढून उन्हात ठेवतात, अंगावरची धूळ पुसतात, नवे कपडे घालतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात आणि सगळे कुटुंब त्यांच्यासोबत फोटो काढते. खाली मथळा असतो, 'जगातील सर्वांत विचित्र प्रथा'. कुणी किळस व्यक्त करतो, तर कुणी 'आईबापांवर प्रेम असावे तर असे' म्हणून ती पुढे पाठवतो. आपल्या तरुणांच्या गटांतही ती येते आणि याच दोन प्रतिक्रिया घेऊन पुढे जाते.

आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कोणत्याही समाजाचा विधी समोर आला की त्याचा खर्च कोण करतो, त्यातून मान कुणाचा वाढतो आणि त्यातले हलके समजले जाणारे काम कुणाच्या गळ्यात पडते, हे विचारायला आपल्याला फुले-आंबेडकरी चळवळीने शिकवले आहे. हा प्रश्न फक्त आपल्या गावकुसापुरता ठेवायचा आणि परदेशातली गोष्ट आली की नुसते तोंडात बोट घालायचे, हे काही बरोबर नाही. म्हणून या लेखात तोराजांच्या अंत्यविधींची थोडी डोळस चिकित्सा करू.

तोराजा हे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातल्या डोंगरांत राहणारे लोक. मकासर शहरापासून उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर त्यांचा मुलूख आहे. 'तोराजा' हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नाही. खालच्या सपाटीवरचे बुगी लोक त्यांना 'तो रियाजा', म्हणजे वरच्या मुलखातले लोक, म्हणत. पुढे डच सरकारच्या दप्तरात तेच नाव पक्के झाले. आज ताना तोराजा आणि २००८ मध्ये त्यातून वेगळा झालेला तोराजा उतारा, असे दोन जिल्हे आहेत. दोन्ही मिळून लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक. उतारावर भाताची खाचरे, नावेसारखे टोकदार छप्पर असलेली 'तोंगकोनान' ही कुळाची घरे, घरासमोर भाताची कोठारे आणि घराच्या दर्शनी खांबावर एकावर एक बसवलेली रेड्यांची शिंगे. त्या घरातून आजवर किती रेडे कापले गेले, म्हणजे घर किती 'मोठे', हे ती शिंगे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

त्यांच्या जुन्या धर्माचे नाव 'आलुक तो दोलो', म्हणजे पूर्वजांची रीत. या रीतीत माणूस श्वास थांबला म्हणून लगेच मरत नाही. तो 'तो माकुला', म्हणजे आजारी माणूस, होतो. त्याला घरातच ठेवतात, त्याच्यापुढे जेवण-पान ठेवतात, घरात येणारा-जाणारा त्याच्याशी बोलतो. शरीर टिकावे म्हणून पूर्वी वनस्पतींचा वापर होई, आता फॉर्मालिन टोचतात. हे दिवस काही आठवडे चालतात, कधी महिने, कधी वर्षे. पैसा, जनावरे आणि दूर देशी गेलेले नातेवाईक जमले की मग 'राम्बू सोलो', म्हणजे उतरत्या धुराचा विधी, होतो आणि तेव्हा कुठे तो माणूस खऱ्या अर्थाने मेला असे मानतात. दात न आलेले मूल मेले, तर कांबिरासारख्या गावात त्याला 'तारा' नावाच्या जिवंत झाडाच्या खोडात कोरलेल्या कोनाड्यात ठेवत आणि वर ताडाच्या काथ्याचे झाकण लावत. ऑगस्टमधला तो कपडे बदलण्याचा विधी म्हणजे 'माने'ने'. भाताची कापणी झाल्यावर काही गावांत तो होतो.

यात माया आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मेलेल्या माणसाला विटाळ म्हणून घाईघाईने घराबाहेर काढणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्यांनी तोराजांना नाके मुरडण्याचे तर अजिबातच कारण नाही. प्रश्न त्या मायेच्या पुढे सुरू होतो, कारण राम्बू सोलो सगळ्यांसाठी एकसारखा कधीच नव्हता.

तोराजा समाज जन्मावर आधारलेल्या थरांत विभागलेला होता. थराला 'ताना', म्हणजे खुंटा, म्हणत. सर्वांत वर सोन्याचा खुंटा, 'ताना बुलाआन', म्हणजे थोर सरदार घराणी. त्याखाली लोखंडाचा खुंटा, 'ताना बास्सी', म्हणजे लहान सरदार. मग ताडाच्या लाकडाचा खुंटा, 'ताना कारुरुंग', म्हणजे सामान्य शेतकरी. आणि तळाला बोरूचा खुंटा, 'ताना कुआ-कुआ', म्हणजे गुलाम, ज्यांना 'काउनान' म्हणत. सोने कधी गंजत नाही आणि बोरू हाताने मोडतो, हे वेगळे सांगायला नको. सांगाल्ला, माकाले, मेंगकेंडेक या दक्षिणेकडच्या संस्थानांत ही विभागणी जास्त कडक होती, उत्तरेकडे थोडी सैल. थर आईकडून मुलाकडे येई.

गुलामांवरची बंधने वाचताना आपल्यापैकी कुणालाही ती अनोळखी वाटणार नाहीत. त्यांनी सोने किंवा काशाचे दागिने घालायचे नाहीत. घरावर नक्षी कोरायची नाही. मालकाच्या भांड्यात जेवायचे नाही. गुलाम पुरुषाने स्वतंत्र थरातल्या स्त्रीशी संबंध ठेवला तर त्याला मृत्युदंड. कर्ज फिटले नाही म्हणून माणूस गुलाम होई, लढाईत पकडला गेला म्हणून होई. त्याने स्वतःला सोडवून घेतले तरी मुलांच्या कपाळावरचा शिक्का जात नसे. १९ व्या शतकाच्या अखेरीस या डोंगरातल्या कॉफीला भाव आला, तेव्हा कॉफीबरोबर माणसांचा व्यापारही वाढला. सरदार एकमेकांच्या गावांवर हल्ले करून माणसे पकडत आणि सपाटीवरच्या व्यापाऱ्यांना विकत. नक्षीदार घरांचे फोटो दाखवणाऱ्या पर्यटन पुस्तिकांत हा इतिहास सहसा सापडत नाही.

आता अंत्यविधीकडे येऊ. कुणासाठी किती रात्रींचा विधी, हे थरावरून ठरे. एका रात्रीचा, तीन रात्रींचा, पाच रात्रींचा, सात रात्रींचा, आणि सर्वांत वरचा 'दिरापाइ', जो मध्ये बराच काळ जाऊ देऊन दोन टप्प्यांत करतात. रात्री वाढतील तसे रेडे वाढतात. थोर घराण्याच्या सर्वोच्च विधीसाठी परंपरेने चोवीस रेड्यांचा आकडा सांगितला जातो, आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त कापले जातात. सामान्य शेतकऱ्याला पैसा असला तरी वरच्या पायरीचा विधी करण्याचा हक्क नव्हता.

हे वाचून मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आठवतो. ब्राह्मणाचे सुतक दहा दिवस, क्षत्रियाचे बारा, वैश्याचे पंधरा आणि शूद्राचे महिनाभर. त्याच अध्यायात मेलेल्या शूद्राला गावाच्या दक्षिण दरवाजाने न्यावे आणि बाकीच्या वर्णांना इतर दिशांच्या दरवाजांनी, असाही नियम आहे. तोराजा आणि मनू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही दोघांनी मरणाचा हिशेब जन्मावरून मांडला. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती माणसाच्या श्वासाबरोबर संपत नाही, तिला मरणानंतरही दिवस आणि दरवाजे मोजून द्यावे लागतात.

उतरंडीच्या तळाशी काय होते? ज्याच्या घरात विधीसाठी एक डुक्करही नव्हते, त्याच्यासाठी एक सोय होती. तिला 'देदेकान' म्हणत. डुकरांना खायला घालण्याचे रिकामे लाकडी भांडे काठीने बडवायचे. डुक्कर कापले नाही, पण डुकराच्या भांड्याचा आवाज झाला, एवढ्यावर त्या माणसाचा अंत्यविधी आटोपला. आम्ही या विषयावर जेवढे वाचले, त्यात या एका गोष्टीने आम्हाला जास्त अस्वस्थ केले. चोवीस रेड्यांच्या विधीवर जगभरचे कॅमेरे जातात. रिकामे भांडे बडवून पुरलेल्या माणसाचा फोटो आम्हाला कुठेही दिसला नाही.

श्रद्धेच्या बाजूनेही हिशेब तोच. मेलेला 'पुया' नावाच्या मृतांच्या देशात जातो आणि रेड्याच्या पाठीवरून तिकडचा प्रवास होतो, अशी समजूत. पुयातले जीवन इथल्या जीवनासारखेच. म्हणजे इथे ज्याच्याकडे रेडे, तिथेही त्याच्याकडे रेडे. त्यातही ज्यांचे सर्वोच्च विधी झाले त्यांनाच पुढे देवपण मिळते, ते 'तो मेंबाली पुआंग', देव झालेले पूर्वज, होतात आणि वंशजांच्या शेतावर कृपा करतात. गुलामाचा बाप कधी कुणाचा देव होत नाही. सुआया आणि लेमोच्या कड्यांत कोरलेल्या थडग्यांपुढच्या सज्जांत जे लाकडी पुतळे रांगेने उभे आहेत, ते 'ताऊ-ताऊ', तेही थोर घराण्यांचेच. एवढ्या शतकांत त्या कड्यांच्या पायथ्याशी राबलेल्या माणसांचा पुतळा तिथे नाही.

मांसाच्या वाटणीची गोष्ट तर अधिकच उघड आहे. रेड्याचा गळा एका घावात चिरतात, मग जागेवरच मांस तोडतात. मोठ्या विधीत एक उंच मचाण उभारतात. त्यावरून वाटप करणारा माणूस मोठ्याने नाव पुकारतो आणि वाटा खाली टाकतो. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर, कोणाला कोणता अवयव, हे सगळे ठरलेले. वाटा चुकला तर तो भर समाजात झालेला अपमान, त्यावरून भांडणे होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ टोबी व्होल्कमन यांनी १९८५ मध्ये तोराजांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच या विधींना मानाच्या मेजवान्या म्हटले आहे. गावाची पूर्ण उतरंड एका दुपारी मोठ्याने वाचून दाखवायची, हे काम ते मचाण करते.

आणि मृतदेहाला हात कोण लावतो? प्रेताला कापडाच्या थरांत गुंडाळण्याचे काम 'तो मेबालून' या खास माणसाकडे असे. विधी त्याच्याशिवाय होत नसे, पण त्याला अशुभ मानत, त्याच्यासोबत बसणे-जेवणे टाळत. सरदाराला देव बनवणारे हात ते, आणि विटाळही त्यांचाच! आपल्याकडे मनूच्या दहाव्या अध्यायात बेवारस प्रेते उचलण्याचे काम आणि प्रेतावरचे कपडे ज्यांच्या वाट्याला दिले, त्यांच्या वंशजांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. तोराजांची गुलामगिरी आणि आपली अस्पृश्यता एकच आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दोन्हींतला फरक काटेकोरपणे मांडला आणि अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली. तोराजा गुलाम मालकाच्या घराचा भाग होता, तो पैसे देऊन सुटू शकत होता, गावाबाहेर वेगळी वस्ती करून कोट्यवधी माणसांना ठेवणारी धर्मग्रंथांची व्यवस्था तिथे नव्हती. साम्य दिसते ते उतरंड टिकवण्याच्या तंत्रात, आणि ते तंत्र ओळखता येणे आपल्या उपयोगाचे आहे.

त्या तंत्राचा कणा म्हणजे कर्ज. अंत्यविधीला आलेला नातेवाईक रेडा किंवा डुक्कर घेऊन येतो ते दान नसते. वहीत नोंद होते आणि त्याच्या घरी मरण आले की तेवढ्याच मोलाचे जनावर परत न्यावे लागते. बाप फेडू शकला नाही तर मुलावर येते. ज्याच्याकडे जनावर नाही तो भातखाचर गहाण टाकतो. जुन्या काळात गावातल्या धनाढ्य सरदारांनी गरजू घरांना अंत्यविधीसाठी रेडे उसने देऊन त्यांच्या जमिनी आपल्या ताब्यात घेतल्या, आणि जमीन संपली की माणूसच गहाण पडे. यावर कळस म्हणजे वारसाहक्काचा नियम. आईबापांच्या विधीत ज्या मुलाने जितके रेडे कापले, त्या प्रमाणात त्याला जमिनीचा वाटा. म्हणजे श्रीमंत भाऊ आणखी श्रीमंत होतो आणि गरीब भाऊ बापाला निरोप देतानाच बापाच्या शेतातून बाहेर पडतो.

काही अभ्यासक म्हणतात, यातून संपत्तीचे वाटप होते, एरवी मांस न खाणाऱ्या गरिबाच्या ताटात चार दिवस मांस पडते. पडते, हे खरे. पण वर्षभर ज्या जमिनीवर तो राबतो ती मालकाकडे राहते आणि त्याच्याकडे मचाणावरून फेकलेला तुकडा येतो. याला वाटप म्हणायचे असेल तर आपल्या गावातली बलुत्याची भाकरीही वाटपच म्हणावी लागेल.

१९०६ मध्ये डच सैन्याने हा मुलूख ताब्यात घेतला. पाँग तिकू या सरदाराने किल्ले लढवून कडवा प्रतिकार केला, १९०७ मध्ये तो मारला गेला. आज तो इंडोनेशियाचा राष्ट्रीय वीर आहे. तो वसाहतवादाविरुद्ध लढला हे सत्य आहे, आणि तो कॉफी व माणसांच्या व्यापारातून बळावलेल्या सरदारवर्गातला होता हेही सत्य आहे. आपल्याला पेशवाई आणि इंग्रज यांच्याविषयी विचार करण्याची सवय असल्याने ही दोन सत्ये एकत्र धरणे जड जाऊ नये. डचांनी गुलामगिरी कायद्याने बंद केली. गुलामांना जमीन मात्र दिली नाही, त्यामुळे पुष्कळांचे मालकाशी असलेले नाते नाव बदलून चालू राहिले.

१९१३ मध्ये व्हान द लोस्ड्रेख्त हा पहिला डच मिशनरी आला. शाळा काढल्या, खर्चिक अंत्यविधी आणि त्यांत चालणाऱ्या कोंबड्यांच्या झुंजी यांवर टीका केली. १९१७ मध्ये बोरी गावात त्याची हत्या झाली. परकी सत्तेविषयीचा राग त्यामागे होता, तसा विधींवर हात पडल्याने दुखावलेल्या प्रतिष्ठितांचा रागही होता. त्यानंतर मिशनने शहाणपणाचा म्हणा की सोयीचा म्हणा, एक मार्ग काढला. 'आलुक' म्हणजे धर्म, तो सोडायचा, 'आदात' म्हणजे रूढी, ती ठेवता येईल. ख्रिस्ती झालेला माणूस रेडे कापू शकत होता, फक्त रेडा आत्म्याला पुयात नेतो असे म्हणायचे नाही. तरी १९५० पर्यंत जेमतेम दहा टक्के तोराजा ख्रिस्ती झाले होते. पुढच्या दीड दशकात दक्षिण सुलावेसीत इस्लामी राज्यासाठी सशस्त्र बंड चालले, त्या भीतीच्या काळात धर्मांतराचा वेग वाढला आणि आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. आलुक गेला आणि आदात राहिली, म्हणजे पुयावरची श्रद्धा गेली आणि रेड्यांची मोजणी राहिली. धर्म बदलूनही जात सोबत घेऊन जाणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धर्मांतर कोणत्या धर्मात केले एवढ्याने भागत नाही, जुन्या मानपानाचे काय केले हे पाहावे लागते. बावीस प्रतिज्ञा यासाठीच होत्या.

उरलेल्या आलुक तो दोलोचे काय झाले, ते आणखी बोलके आहे. १९६५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने मोजक्याच धर्मांना अधिकृत मान्यता मिळाली. त्याच साली कम्युनिस्टांच्या कत्तली सुरू झाल्या आणि ज्याला मान्य धर्म नाही तो नास्तिक, म्हणजे संशयित, असे वातावरण झाले. तोराजांनी विरोध केला. शेवटी १९६९ मध्ये आलुक तो दोलोला मान्यता मिळाली ती हिंदू धर्माचा एक पंथ म्हणून! डुक्कर आणि रेडा हेच ज्यांचे मुख्य बळी, वेद, वर्ण आणि ब्राह्मण यांच्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, ते लोक एका शिक्क्याने हिंदू झाले. बोर्निओतल्या दायाक लोकांचा कहारिंगान धर्मही १९८० मध्ये असाच हिंदूंच्या खात्यात गेला. आपल्याकडे आदिवासी सरना धर्मासाठी जनगणनेत वेगळा रकाना मागत आहेत, २०२० मध्ये झारखंड विधानसभेने तसा ठरावही केला. रकाना नसलेल्या माणसाला जवळच्या मोठ्या रकान्यात ढकलायचे, ही सरकारी युक्ती समुद्रापलीकडेही चालते.

इकडे जुनी श्रद्धा कागदावर हिंदू होत होती, तिकडे विधी बाजारात चालले होते. १९८० च्या दशकात सरकारने तोराजाची जाहिरात बालीनंतरचा दुसरा मुक्काम म्हणून केली. अंत्यविधीला पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. त्याच सुमारास ताऊ-ताऊ पुतळे चोरीला जाऊन परदेशी संग्राहकांकडे पोचू लागले, आणि कुटुंबांना कड्यातल्या आपल्या पूर्वजांना लोखंडी जाळ्या लावाव्या लागल्या. पर्यटकाला सरदाराचा विधी पाहायचा असतो, कारण तोच 'अस्सल'. त्यामुळे सरदारी विधी हीच पूर्ण तोराजा संस्कृती ठरली.

आता सर्वांत कठीण मुद्दा. १९६० आणि ७० च्या दशकांपासून तोराजा तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडले. मकासर, जकार्ता, कालिमांतान, पापुआ, खाणी, कारखाने, जहाजे. यात गुलाम घराण्यांतले पुष्कळ होते, कारण गावात त्यांच्यासाठी काही नव्हतेच. त्यांनी पैसा कमावला आणि गावी येऊन आईबापांचे विधी केले. आजोबांना ज्याची मनाई होती तेवढे रेडे त्यांनी कापले. कबऱ्या रेड्यांना, ज्यांना कधी नांगराला जुंपत नाहीत, एखाद्या मोटारगाडीएवढा भाव पडतो, तेही आणले. जुन्या घराण्यांनी नाके मुरडली. यांना हा विधी शोभत नाही, रात्री जास्त झाल्या, ताऊ-ताऊ ठेवण्याचा हक्क नाही, असे वाद ठिकठिकाणी झाले. उघडपणे कुणी कुणाला काउनान म्हणत नाही, तो शब्द सार्वजनिक ठिकाणी टाळतात. लग्न जुळवताना मात्र आठवण निघते.

या माणसाला आम्ही काय म्हणणार? ज्याच्या बापासाठी डुकराचे भांडे बडवले गेले असते, त्याने बापासाठी वीस रेडे कापले. त्यामागचा अपमान आणि त्याचे उत्तर देण्याची भूक आम्हाला कळते. त्याला उधळ्या म्हणणाऱ्या सरदारांच्या बाजूने आम्ही एक क्षणही उभे राहणार नाही. पण १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी अनुकरणाचा जो मुद्दा मांडला, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. वरच्याची रीत खालच्याकडे झिरपते आणि जो ती उचलतो तो नकळत त्या मोजपट्टीलाच मान्यता देतो. खाणीत घाम गाळून मिळवलेला पैसा पुन्हा त्या मचाणाखाली येतो, आणि मचाणावरून नाव पुकारण्याचा क्रम थोडासा बदलून घेण्यात संपतो. मुलीचे शिक्षण थांबते, खाचर गहाण पडते. सरदाराचा मक्ता मोडला हे खरे, रेडा मात्र माणसाचे माप म्हणून तसाच राहिला.

तोराजांमध्ये यावर बोलणारे लोक नाहीत असे नाही. विधीत आलेल्या जनावरांपैकी काहींचा किंवा मांसाचा लिलाव करून तो पैसा चर्च आणि गावाच्या कामाला देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. कापलेल्या प्रत्येक जनावरावर स्थानिक सरकार कर घेते, त्यामुळे विधी कमी होण्यात सरकारला फारसा रस नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने पूर्वजांच्या श्रद्धा मानणाऱ्यांना ओळखपत्रावर आपली श्रद्धा नोंदवण्याचा हक्क दिला. पण आलुक तो दोलो मानणारे आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांतले बरेच म्हातारे आहेत. त्यांचे विधी जाणणारे पुरोहित तर त्याहून कमी. रांतेपाओच्या जनावरांच्या बाजारात मात्र कबरे रेडे धुऊन-पुसून उभे असतात, आणि गिऱ्हाइकांत जकार्ताहून आलेले काउनानांचे नातूही असतात.